मोमिरची टोपली

माझ्या सलूनमधली डेव्हलपरची, म्हणजे केसांच्या रंगात मिसळायच्या क्रीमची बाटली महिना अर्धा व्हायच्या आत संपते, आणि आमच्या पांचेवो गावातल्या बायका काही एवढ्या म्हाताऱ्या झालेल्या नाहीत. केस रंगवायला मी जे क्रीम आणते, त्यातलं निम्मं माझा नवरा कॉम्प्युटरांना फासतो. जुनं प्लास्टिक पिवळं पडतं, ते त्याला बघवत नाही. मग कव्हरं आणि बटणं सुटी करायची, त्यांना माझं क्रीम चोपडायचं, वर जेवण झाकायचा पातळ प्लास्टिकचा कागद गुंडाळायचा आणि बाल्कनीत उन्हाला ठेवायचं. मधूनमधून उठून सगळं फिरवायचं, नाहीतर डाग पडतात. संध्याकाळपर्यंत पांढरंशुभ्र. माझे स्वतःचे केस मुळापाशी बोटभर पांढरे झालेत, ते मात्र त्याच्या नजरेला कधी पडले नाहीत.

रादिवोये त्याचं नाव, मी रादे म्हणते. जन्मभर बस चालवली, निवृत्त झाला, आणि दर रविवारी जुन्या बाजारात जाऊन असले कॉम्प्युटर आणायला लागला. आमचा मुलगा परदेशी, लिंट्सला गेला, तिकडेच संसार थाटला, तेव्हापासून त्याची छोटी खोली ह्या यंत्रांनी गिळली. जमिनीपासून छतापर्यंत फळ्या. स्पेक्ट्रम, कमोडोर, अटारी, टीव्हीला जोडायचे खेळ, त्यांच्या कॅसेटी, त्यांच्या जॉयस्टिक. सगळी आमच्या तरुणपणातली. तेव्हा बाहेरून अशी वस्तू आणायची चोरी होती. कुणाच्या म्युनिकच्या मामाने सीटखाली दडवून आणलेली, कुणाची आई सीमेपलीकडे त्रिएस्तला पडदे घ्यायला गेली आणि पडद्यात गुंडाळून घेऊन आली. दर शनिवारी रादेचे दोन-तीन मित्र येतात, एखाद्या यंत्राचं झाकण उघडतात आणि आत बघून उसासे टाकतात. मी कॉफी नेऊन देते. एकदा म्हटलं, माझ्या गुडघ्यांकडेही कुणीतरी असं मन लावून बघा. हसले सगळे. दिवसभर उभं राहून माझे पाय संध्याकाळी पाव फुगावा तसे फुगतात, त्यात हसण्यासारखं काय ते मला अजून कळलेलं नाही.

रादेचा एकच धर्म आहे. यंत्र कारखान्यातून जसं बाहेर पडलं तसं दिसलं पाहिजे आणि तसंच चाललं पाहिजे. कुणी वर नाव कोरलं असेल तर तो ती रेघ भरून काढतो. कुणी घरी काही खटपट केली असेल तर ती उपटून मूळची जोडणी करतो. “चूक ठेवायची नाही,” म्हणतो. माणूस वाईट नाही. फक्त त्याला वस्तूंचा कळवळा आधी येतो आणि माणसांचा मागून, पण येतो.

उन्हाळ्याच्या शेवटी कॅनडाहून यास्नाचा फोन आला. यास्ना म्हणजे माझ्या भावाची, मोमिरची मुलगी. त्याला अर्धांगवायूचा झटका आला होता हे आम्हाला वसंतातच कळलं होतं. आता ती म्हणाली, आत्या, मला जमत नाही गं. तिच्या कामाच्या पाळ्या, घरात कुणी नाही, मोमिरची बायको कधीच वेगळी झालेली. उजवी बाजू लुळी होती, ती हळूहळू हलायला लागली होती, तो काठी टेकत चालत होता. पण बोलणं गेलं ते गेलंच. माणसं ओळखतो का, हेही तिला नीट सांगता येईना. “माझं नाव नाही घेतलं त्याने एकदाही,” ती म्हणाली. डॉक्टर म्हणत होते की ओळखीची जागा, ओळखीची माणसं मिळाली तर काही सांगता येत नाही. मी म्हटलं, पाठव.

म्हणायला काय जातं. फोन ठेवला आणि मी त्या छोट्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिले. रादे स्टुलावर बसून कसलंसं बटण घासत होता. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि त्याला कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी स्क्रू ड्रायव्हर घेऊन फळ्या काढायला लागला. यंत्रं तळघरात गेली, मित्राच्या गॅरेजात गेली, आमच्या पलंगाखाली गेली, माझ्या हिवाळी कोटांच्या कपाटात गेली. तळघरात ओल असते, हे तो जेवताना रोज एकदा बोलून दाखवायचा, पण मला उद्देशून नाही, सूपला उद्देशून.

एक यंत्र मात्र त्याने वर ठेवलं. ते राकियाच्या, म्हणजे आमच्याकडच्या फळांच्या दारूच्या, बाटल्यांच्या खोक्यात होतं, आणि ते त्याचं नव्हतंच. तो मोमिरचा गालाक्सिया होता.

त्याची गोष्ट सांगते. आम्ही शाळेत होतो तेव्हा एका मासिकात घरी कॉम्प्युटर कसा जोडायचा त्याचा नकाशा छापून आला. म्हणजे हा कुठे तयार विकत आणायचा नाही. सुटे भाग टपालाने मागवायचे आणि ज्याने त्याने आपल्या घरी, आपल्या हाताने डाख देऊन उभा करायचा. देशभर मुलांना वेड लागलं होतं. मोमिर माझ्याहून चार वर्षांनी मोठा, मी त्याला दादा म्हणते. त्याने स्वयंपाकघराच्या टेबलावर तो जोडला. आईने कपाटाची जुनी फळी टाकून दिली होती, तिची पेटी केली, म्हणून आमच्या कॉम्प्युटरवर निळी फुलं होती. रेडिओवर तेव्हा कॉम्प्युटरचे प्रोग्राम लावायचे, नुसती कर्कश शीळ. ती कॅसेटवर टिपून घ्यायची आणि कॉम्प्युटरला ऐकवायची. ती शीळ चालू असताना घरात कुणी दिवासुद्धा लावायचा नाही, रेडिओत खरखर यायची. बाबांच्या गाण्यांच्या कितीतरी कॅसेटी त्याखाली गेल्या.

मग दादाने स्वतःचा खेळ लिहिला. वरून आलुबुखारं पडतात आणि खाली टोपली घेऊन ती झेलायची. डावीकडे जायला एक बटण, उजवीकडे जायला एक. फक्त जोडताना त्याच्या हातून त्या दोन बटणांच्या तारांची अदलाबदल झाली होती. डावं दाबलं की टोपली उजवीकडे पळायची. उद्या उघडतो आणि नीट करतो, असं तो म्हणाला, आणि तो उद्या काही उजाडला नाही. त्याला त्या उलट्याचीच सवय झाली. अख्ख्या गल्लीतली पोरं यायची आणि हरून जायची, एकटा दादा जिंकायचा. शेवटी यंत्र माझ्यापुढे सरकवायचा. मी एक आलुबुखार धड झेललं नाही. तो मागे उभा राहून ओरडायचा, “उलटं, रुझा! उलटं!” रुझा म्हणजे मी, रुझित्सा.

हे आता ओळीने सांगतेय म्हणून सगळं जागच्या जागी दिसतंय. तेव्हा, त्या सप्टेंबरात, ह्यातलं काही माझ्या डोक्यात नव्हतं. चाळीस वर्षांत डोक्यात किती केस आले आणि गेले, माझ्या आणि लोकांच्या.

देश फुटून युद्ध सुरू झालं आणि दादाला लष्कराचं बोलावणं यायच्या आत तो एक बॅग घेऊन कॅनडाला निघून गेला. आईने त्या यंत्रावर विणलेला रुमाल टाकला आणि वर फुलदाणी ठेवली. ती गेली तेव्हा मी ते घरी आणलं. रादेने खोक्यात डोकावून पाहिलं आणि झाकण लावलं. “मेहुण्याचं आहे,” म्हणाला. इतकी वर्षं त्याने बोट लावलं नाही, आणि त्याच्यासारख्या माणसाला ते किती जड गेलं असेल ते मला माहीत आहे. आता मात्र म्हणाला, “येतोय तर चालू करून ठेवतो. बघेल तरी.”

मला एकच भीती होती, ती सांगून टाकते. दादा मला ओळखेल की नाही. बाकी सगळं करायला मी तयार होते.

विमानतळावर त्याला चाकाच्या खुर्चीतून आणलं. कोटाला चिठ्ठी लावलेली, सामानाला लावतात तशी. तोंडाचा उजवा कोपरा खाली आलेला. मी वाकून त्याच्या गालाचे तीन मुके घेतले, दादा म्हटलं, नाव सांगितलं. त्याने माझ्याकडे सभ्यपणे पाहिलं आणि म्हणाला, “थँक्यू.” खुर्ची ढकलणाऱ्या माणसालाही तो तेच म्हणाला, त्याच आवाजात.

गालाक्सियाला चूक दाखवायला तीनच शब्द येतात. काय, कसं, आणि माफ करा. दादाही तेवढंच भांडवल घेऊन परत आला होता. थँक्यू, नो, आणि बरं. पाणी हवं असलं तरी बरं, पाणी नको असलं तरी बरं.

तो महिना कसा गेला ते विचारू नका. सकाळी त्याला उठवायचं, धुवायचं, शर्टाची बटणं लावायची, भरवायचं, मग सलून, दुपारी धावत घरी, पुन्हा सलून. त्यात आय्वारचे, म्हणजे वर्षभराची मिरच्यांची चटणी करून ठेवायचे दिवस. लाल ढोबळ्या मिरच्यांची पोती बाल्कनीत येऊन पडलेली. त्या भाजायच्या, सोलायच्या, वाटायच्या आणि हात गळून पडेपर्यंत ढवळायच्या. एक वर्ष नाही केलं तर कुणी मरत नाही, पण नाही केलं तर शेजारच्या मिल्युन्काबाई मेलेल्यांच्या यादीत नाव घालतात. त्या केक घेऊन आल्या आणि दादाच्या कानाशी ओरडून बोलल्या, जणू तो बहिरा झालाय. मग मला बाजूला घेऊन म्हणाल्या की हे सगळं दोन खिडक्यांमधल्या वाऱ्याने होतं, तिकडे कॅनडात मशीन लावून अंगावर वारा घेतात ना, मग काय होणार. मी हो म्हटलं. वाद घालायला अंगात जोर लागतो.

एका रविवारी मी दादाला खुर्चीत बसवून त्याचे केस कापले. डाव्या कानामागे तुतीच्या झाडावरून पडल्याची खूण होती. मी तिच्यावरून बोट फिरवलं आणि म्हटलं, आठवतं का, आपण आईला तू जिन्यावरून पडलास म्हणून सांगितलं होतं. तो आरशात बघत होता. “बरं,” म्हणाला. मी खाली सांडलेले केस झाडायला घेतले, म्हणजे मान वर करायला नको.

रादे तोवर रोज गालाक्सिया घेऊन तळघरात जाऊन बसत होता. एका संध्याकाळी तो वर घेऊन आला आणि माझ्यापुढे टेबलावर ठेवला. मी मिरच्या सोलत होते. बटणं पांढरी झाली होती, माझ्याच क्रीमने. निळ्या फुलांवरचा मळ गेला होता. कॅसेट प्लेअर त्याने साफ केला होता, आणि दादाच्या अक्षरात ‘आलुबुखार’ लिहिलेली कॅसेट चालवूनही पाहिली होती. काय काय केलं ते तो सांगत होता. हा भाग बदलला, तो डाख सुटला होता, आत वायरिंगमध्ये थोडी गडबड होती ती सरळ करून टाकली. मी मान हलवली. माझी नखं मिरच्यांनी लाल झाली होती आणि मला फक्त झोप हवी होती.

शनिवारी दुपारी त्याने बैठकीच्या खोलीत जुना टीव्ही लावला. दादाला आणून बसवलं. कॅसेट सुरू झाली आणि ती शीळ घरभर पसरली. दादाने मान वळवली. पहिल्यांदा, आल्यापासून पहिल्यांदा, तो कशाकडे तरी आपणहून वळला. मी रादेचं मनगट धरलं. पडद्यावर टोपली आली. दादाने डावा हात उचलला, कुणी न सांगता, आणि दोन बोटं बरोबर त्या दोन बटणांवर ठेवली.

पहिलं आलुबुखार पडलं. टोपली भलतीकडे गेली. दुसरं पडलं. टोपली पुन्हा भलतीकडे. तो जोरात दाबायला लागला, घाईने, आणि जितकं दाबावं तितकी ती टोपली फळापासून लांब पळत होती. खेळ संपला. रादेने पुन्हा सुरू करून दिला. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी दादाने हात काढून घेतला आणि मांडीवर ठेवला. उजव्या, लुळ्या हाताशेजारी, नीट जुळवून. चेहरा असा मिटला की मला बघवेना. “नो,” म्हणाला.

रादे म्हणाला की हात अजून कच्चा आहे, सवयीने येईल. दुसऱ्या दिवशी त्याने परत प्रयत्न केला तर दादा भिंतीकडे तोंड करून बसला. त्यानंतर मी भरवलेलं खाणंही त्याने कमी केलं. त्याला एवढं कळत होतं की काहीतरी आपल्याला यायचं आणि आता येत नाही. मला ओळखण्याइतकं कळत नव्हतं, पण एवढं कळत होतं. असल्या कळण्याचा मला राग आला. देवाचा आला, रादेचा आला, यास्नाचाही आला.

नदीपलीकडे एक वृद्धाश्रम आहे. माझ्या एका गिऱ्हाईक बाईंची बहीण तिथे काम करते. मी फोन केला. एक जागा होती, सोमवारी येऊन बघा म्हणाले. रादेला जेवताना सांगितलं. तो म्हणाला, लोक काय म्हणतील.

“लोकांना म्हणावं, या आणि सकाळी त्याची पँट बदला.”

“तुझा सख्खा भाऊ आहे, रुझा.”

“हे मला माहीत आहे. त्याला माहीत आहे का?” मी म्हटलं. “मी कोण हेच त्याला कळत नसेल, तर त्याला भरवणारा हात माझा काय आणि तिथल्या बाईचा काय? तिचे पाय तरी माझ्यापेक्षा तरुण असतील. मी थकले रे. मी खरंच थकले.”

रादे उठला आणि त्याने भांडी घासली. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण त्याने भांडी घासली की मी हरले असं मला वाटतं.

रविवारी तो जुन्या बाजारात गेला. दादा आत झोपला होता. मी त्याच्या बॅगेत काय काय भरायचं ते बघत होते आणि मध्येच बसले, कारण उभं राहवेना. समोर टेबलावर तो गालाक्सिया तसाच होता, टीव्हीला जोडलेला. म्हटलं, खोक्यात घालून टाकावा. पण हात बटणाकडे गेला आणि मी कॅसेट लावली. का लावली, सांगता येत नाही. बसायला काहीतरी निमित्त हवं असेल.

आलुबुखार डावीकडे पडत होतं. मी डावं बटण दाबलं. टोपली डावीकडे गेली आणि फळ आत पडलं. पुढचं उजवीकडे. तेही झेललं. त्याच्या पुढचं, त्याच्याही पुढचं. मी सटासट झेलत होते. मला स्वतःचं कौतुक वाटायला लागलं होतं. ह्या यंत्रावर मी आयुष्यात पहिल्यांदाच जिंकत होते.

आणि मग माझा हात थांबला. आमच्या घरात दादाशिवाय कुणीच कधी जिंकलं नव्हतं.

रादे दुपारी परत आला तेव्हा मी दारातच उभी होते. त्याला सपाता घालू दिल्या नाहीत. विचारलं, आत काय गडबड होती जी तू सरळ केलीस?

“वायरिंग गं. डाव्या-उजव्याच्या तारा उलट्या लावल्या होत्या. पोरवयात होतं असं,” तो म्हणाला. चेहऱ्यावर अजून त्याचा अभिमान होता.

“परत उलट्या लाव.”

“काय?”

“होत्या तशा लाव. त्याला उलटंच येतं. त्याचा हात चुकत नव्हता, रादे. त्याचा हात बरोबर होता. तू यंत्र चुकीचं केलंस.”

मी त्याला सगळं सांगितलं, गल्लीतली पोरं, तो न उजाडलेला उद्या, सगळं. त्याने ऐकलं, आणि तरी त्याच्या तोंडातून तेच आलं, की ती चूक होती, नकाशात तसं नाही. मी म्हटलं, नकाशा गेला खड्ड्यात. “कारखान्यातून आलं तसं हवं ना तुला? ह्याचा कारखाना आमच्या आईचं स्वयंपाकघर. तिथून ते असंच बाहेर पडलं.”

रादे टेबलापाशी बसला. सोल्डरिंग गन तापायला ठेवली. पेटी उघडली आणि आपण केलेलं ते सुबक काम जरा वेळ बघत राहिला. मग तारा सोडवल्या आणि एकमेकींच्या जागी लावल्या. डाखाचा धूर वर आला. “जन्मात कधी मुद्दाम चुकीचं जोडलं नव्हतं,” तो म्हणाला. पण हात हलवू न देता, बाकीच्यांसाठी करतो तितक्याच निगुतीने त्याने ते चुकीचं जोडलं. त्या क्षणी मला तो फार आवडला. हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.

दादा यायला तयार नव्हता. टीव्ही बघून “नो” म्हणाला आणि काठी घट्ट धरली. मी त्याला जवळजवळ ओढतच आणलं, खुर्चीत बसवलं आणि त्याचा डावा हात उचलून बटणांवर ठेवला. तो काढून घेणार एवढ्यात शीळ थांबली आणि टोपली आली.

पहिलं आलुबुखार उजवीकडून पडलं. त्याचं बोट आपोआप डाव्या बटणावर गेलं. टोपली उजवीकडे सरकली आणि फळ आत पडलं.

तो थबकला. पडद्याकडे बघितलं, बोटाकडे बघितलं. दुसरं फळ पडलं, तेही त्याने घेतलं. मग तिसरं. हळूहळू त्याची पाठ खुर्चीत सरळ झाली. फळं जोरात पडायला लागली, तशी दोन बोटं जोरात चालायला लागली, आणि तोंडाचा तो खाली आलेला कोपराही वर ओढला गेला, पुरता नाही, पण गेला. मी आणि रादे उभेच होतो. बसायचं सुचलं नाही, माझे पाय असे असूनही.

बराच वेळ खेळून त्याने एक फळ सांडलं आणि खेळ संपला. मग त्याने ते यंत्र दोन्ही हातांनी, म्हणजे एका हाताने आणि दुसऱ्याच्या मनगटाने, टेबलावरून माझ्यापुढे सरकवलं.

मी शेजारी बसले. रादेने खेळ सुरू केला. डावीकडे आलुबुखार पडलं आणि मी डावं बटण दाबलं. टोपली सरळ उजव्या भिंतीला जाऊन आदळली.

दादाच्या घशातून कसलासा आवाज आला. मला वाटलं ठसका लागला. मी वळून बघितलं तर तो हसत होता, आणि ओठ काहीतरी जुळवत होते, जड काहीतरी उचलावं तसे.

“उलटं,” तो म्हणाला. मग श्वास घेतला. “उलटं, रुझा.”

मला पडदा दिसेनासा झाला. रादे पाठमोरा होऊन सोल्डरिंग गनची वायर गुंडाळत होता, थंड व्हायच्या आधीच.

“उलटं,” दादा परत म्हणाला, आता जरा चिडून, मी शाळेत होते तेव्हा चिडायचा तसाच.

“हो दादा, उलटं,” मी म्हणाले, आणि पुढचंही सांडलं.